दादाच्या नावावरचं मांजर

माझ्याशी व्यवहार करणारे लोक माझ्या पाठीमागे म्हणतात, ही बाई माल कुणाच्या नावावर आहे हे कळल्याशिवाय चहासुद्धा घेणार नाही. खरं आहे ते. डब्लिनमध्ये सँट्रीला माझं मसाल्यांचं आणि डाळी-पिठांचं गोदाम आहे. तिथे कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते: वस्तू कुणाची हे आधी ठरवा, मग उचला. हे शहाणपण मला कॉलेजात मिळालं नाही, मी कॉलेजात गेलेच नाही. ते मिळालं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेच्या एका भाड्याच्या घरात, एका करड्या मांजरीमुळे. आणि ते मिळताना जो राग आला तो अजून उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही. त्या रागावर मी पुष्कळ मजल मारली आहे.

बाबा गॉलवेच्या इस्पितळात डॉक्टर होते. पुण्यात शिकलेले, हुशार, पेशंटांचे लाडके, पण नोकरी कायम सहा-सहा महिन्यांच्या करारावर. त्यामुळे आमच्या घरात निम्मे खोके कधी उघडलेच नाहीत. जिन्याखाली एकावर एक रचलेले ते खोके हेच आमचं खरं फर्निचर. भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं तरी बाबा म्हणत, "कशाला? उद्या जायचंय." आई एका वृद्धाश्रमात पाळीने काम करायची, तिच्या हातांना सदैव साबणाचा आणि फोडणीचा एकत्र वास यायचा. सकाळी समुद्रपक्ष्यांचा कलकलाट, दिवसभर मागच्या पडवीच्या प्लास्टिकच्या छपरावर पाऊस, आणि संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या. वर माझी पेटीएवढी खोली. खोलीत एक पलंग बसला की दार अर्धंच उघडायचं. दादाची खोली मोठी, कारण दादा मेडिकलला लागला होता आणि मेडिकलच्या पुस्तकांना हवा लागते असं आईचं मत होतं. मी सोळा वर्षांची होते आणि मला कशाला काय लागतं हे कुणी विचारत नसे.

त्या वर्षी बाबांची थोरली बहीण, आमची आक्का, कराडजवळच्या गावाहून आमच्याकडे राहायला आली होती. बाबांना तिनेच वाढवलेलं. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही. मग भाऊबंदातल्या सगळ्या लेकीसुनांची बाळंतपणं तिनेच काढली. येताना तिच्या ट्रंकेत ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी आणि हळीव-डिंकाच्या पुरचुंड्या होत्या. "हळीव कुणासाठी गं आक्का?" आईने विचारलं. "एवढ्या मोठ्या गावात कुणी ना कुणी बाळंत हुईलच की," आक्का म्हणाली. कुणी झालं नाही. पुरचुंड्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, कपाटाला इकडे प्रेस म्हणतात, पडून राहिल्या.

ती करडी मांजर, ठकी, आली ती शेजारच्या नोरीनच्या शेडमधून. नोरीन मनाने मऊ बाई, पण तिच्या शेडला दार नव्हतं आणि शेडला लागूनच मोठा रस्ता होता. तिची मांजरं गाड्यांखाली जायची, ती हळहळायची आणि पुन्हा नवी यायची. ठकी पावसात आमच्या मागच्या दाराशी येऊन बसली, मी तिला टॉवेलने पुसलं, आणि तिने माझ्या मनगटाला असा चावा घेतला की मला ती लगेच आवडली. बाबांना ती आवडली नाही. त्यांना तिचा राग नव्हता, त्यांना भीती होती.

"हे घर आपलं नाही, वैशू. पुढच्या करारात मी कुठे असेन मलाच माहीत नाही."

"तुम्ही असाल तिथे मी असेन. मी असेन तिथे ठकी."

"आणि तिला पिल्लं झाली की? त्यांचं काय, लोणचं घालायचं?"

"ऑपरेशन करून घेऊ. म्हणजे पिल्लं होणार नाहीत."

"करून घेऊ म्हणजे कोण? नंतर तिचं सगळं कोण करणार? तुझी आई? तिला काही कामं कमी आहेत?"

"मी करणार. एकटी."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मला तो क्षण आठवतो, कारण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी सौदा करायला तयार झालं होतं. ते म्हणाले, "ठीक. पण टाके निघेपर्यंत घरात कुणाला त्रास झाला नाही पाहिजे. आणि तुझ्या निष्काळजीपणाने तिला मध्येच पुन्हा डॉक्टरकडे न्यावं लागलं, तर ती नोरीनकडे परत."

"आणि नीट झालं तर माझी. बदली कुठेही झाली तरी बरोबर येणार. नंतर बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

आम्ही हात मिळवले. आई चुलीवरून म्हणजे आपल्या त्या विजेच्या शेगडीवरून वळून बघत होती. "बापलेक म्हणायचे की दलाल?" ती म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी बाबांची ड्यूटी होती, म्हणून गाडी घेऊन दादा आला. दादाला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती आणि ते तो आम्हाला विसरू देत नव्हता. मांजरांची डॉक्टर तरुण होती, नाकावर ठिपके, बोलणं भराभर. बेशुद्ध असतानाच ठकीच्या डाव्या कानात आतून हिरव्या शाईने अक्षरं गोंदवून देऊ, म्हणजे हरवली तर मालक सापडेल, असं तिने सांगितलं. मग विचारलं, "मालक कोण?"

"मी," मी म्हणाले.

तिने माझं वय विचारलं. सांगितल्यावर तिने अगदी गोड हसून मान दादाकडे वळवली. "सज्ञान माणूस लागतो. भावाच्या नावावर करते, चालेल ना?" मी चालणार नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर दादाने आपलं नाव, जन्मतारीख, सगळं सांगून टाकलं होतं. वर माझ्याकडे बघून डोळा मारला. "जा गं, माझ्या मांजरीची टोपली आण गाडीतून."

संध्याकाळी ठकीला परत देताना डॉक्टरने सगळ्या सूचनाही दादालाच सांगितल्या. मालक तो ना. मालक भिंतीवरचा कुत्र्यांच्या जातींचा तक्ता वाचत होता. मी ऐकत होते. लहान, शांत, उबदार खोली. उड्या मारू द्यायच्या नाहीत. पहिल्या संध्याकाळी खाणं अगदी थोडं. गळ्यातली प्लास्टिकची नरसाळ्यासारखी पट्टी काढायची नाही, नाहीतर ती टाके चाटून उसवेल. सकाळ-संध्याकाळ टाक्यांकडे नजर टाकायची. लाल झालं, सुजलं, ओलं दिसलं तर लगेच आणायचं. कानाला हात लावायचा नाही, शाई आपली आपण बसते. दूध नको. आणि माणसाचं कुठलंही औषध देऊ नका, वेदनेचं तर मुळीच नाही. हे शेवटचं तिने दोनदा सांगितलं.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते पलंग मोडण्याचं. ठकीने त्यावर उडी मारू नये म्हणून पाय काढून टाकले, सांगाडा भिंतीला उभा केला आणि गादी जमिनीवर टाकली. खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तकं अशी रचली की तिथे पंजा ठेवायला जागा राहू नये. तिच्या शी-शूच्या पाटीत नेहमीच्या भुकटीऐवजी फाडलेले कागद घातले, टाक्यात धूळ जायला नको. ठकी टोपलीतून बाहेर आली ती लग्नाच्या वरातीतल्या मामासारखी झोकांड्या खात. कुशीवरचे केस भादरलेले, त्यात बारीक टाके, आणि डावा कान आतून हिरवागार. आक्का दारात उभी होती. तिच्या स्वतःच्या हातावर तुळस गोंदलेली. तिने आपला हात पाहिला, ठकीचा कान पाहिला, आणि म्हणाली, "ह्या गोऱ्यांनी मांजराला बी गोंदलं! सासर कुठलं गं हिचं?"

रात्रीच्या जेवणाआधी दादा वर आला. हातात बशी, बशीत दुधात कालवलेली पांढरी पूड. "पॅरासिटॅमॉल. पाव गोळी. कण्हतेय बिचारी."

"खाली ठेव ते."

"अगं, मी मेडिकलला आहे."

"तू मेडिकलला आहेस, ती मांजर आहे. डॉक्टरने दोनदा सांगितलं. मांजर मरतं त्याने."

तो हसला आणि खाली वाकला. मी बशी त्याच्या हातातून ओढली आणि बाथरूमच्या बेसिनमध्ये रिकामी केली. ओढाओढीत दुधाचे डाग पडले त्याच्या शर्टावर, पांढरे. तो आईकडे तक्रार घेऊन गेला. बाबांनी मात्र त्याला विचारलं, "माणसांच्या औषधांची पहिली परीक्षा तरी झाली का तुझी?" बाबांचं हे एक होतं. सौद्यात ते कठीण होते, लबाड नव्हते.

दुसऱ्या दिवशी मला शाळेत जावंच लागलं. आईची सकाळची पाळी होती, घरात फक्त आक्का. मी तिला सगळं समजावलं. ती मान हलवत भाकरी थापत राहिली. आक्का मान हलवते तेव्हा तिने ऐकलेलं नसतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. दुपारी घराच्या कोपऱ्यावर आले तर आतून धुराच्या घंटेची किंकाळी ऐकू येत होती आणि नोरीन फाटकाशी उभी होती. "घर पेटलंय की स्वयंपाक चाललाय?" तिने विचारलं. मी जिना कसा चढले मला ठाऊक नाही.

खोलीत ओव्याची धुरी. खिडकी बंद, पडदे ओढलेले. मधोमध तव्यावर ओवा धुमसत होता, शेजारी गरम पाण्याची पिशवी, आणि गादीवर ठकी. गळ्यातली पट्टी काढलेली. पोटाला जुन्या पातळाची पट्टी, बाळंतिणीला बांधतात तशी, करकचून. कानात हळद आणि तेल. मिशीला हळिवाची खीर. ती माझ्याकडे बघून इतकी केविलवाणी ओरडली की मी खिडकी उघडून तवा थेट पावसात फेकला आणि आक्कावर तुटून पडले.

"आक्का, काय केलंस हे? तुला सांगितलं होतं ना!"

"वरडू नगं. पोट फाडलंय न्हवं तिचं? मग बाळंतीणच की ती. बाळंतिणीला वारं लागू द्येत न्हाईत, पोट मोकळं सोडत न्हाईत."

"ती बाळंतीण नाही! तिची पिशवी काढलीय! तिला पिल्लं झाली नाहीत आणि कधी होणारही नाहीत!"

मी गुडघ्यावर बसून पोटाची पट्टी सोडवत होते, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. पट्टी सुटली तशी मी वर पाहिलं. आक्का पदराने हातावरची हळद पुसत होती.

"माझी बी काढली की मिरजंला," ती म्हणाली. "पंचविशी बी झाली नव्हती. आठवडा न्हाई झाला तर सासूनं रानात भांगलायला लावलं. टाका उसवला बांधावर. म्या समद्यांची पोटं बांधली, माझं कुणी बांधलं न्हाई. म्हनलं, हिला तरी नीट हून दे."

मला रडू आलं असं मी लिहिलं तर चांगलं दिसेल, पण आलं नाही. मला एवढंच दिसलं की ह्या घरात ठकी बरी व्हावी असं वाटणारी माझ्याशिवाय आणखी एक बाई आहे, आणि मी शाळेत असताना ती घरात असते. असा माणूस हातचा घालवायचा नसतो. मी तिच्याशी तिथेच, त्या धुरात, बोलणी केली. धुरी बंद. पोट बांधणं बंद. खीर बंद. गरम पाण्याची पिशवी ठेवायची, पण टॉवेलात गुंडाळून, आणि ठकीला हवी तर ती स्वतः जवळ जाईल. कानाला बोट नाही.

"गोंदलेल्याला हळद लावत्यात," आक्का अडून बसली.

"माणसाच्या हातावर लाव. हिचा कान सोड."

"आन पडदे?"

"पडदे असू देत. अंधार हवाच आहे तिला."

"आन माणसांची ये-जा?"

"कुणी नाही. दादा तर नाहीच."

ह्यावर ती खुलली. पाहुण्यांना बाळंतिणीच्या खोलीबाहेर अडवण्याचा तिचा जन्माचा सराव होता. त्या दिवसापासून ती माझ्या दारात खुर्ची टाकून बसू लागली. आक्का माळकरी, अंड्यालाही शिवत नसे. पण मी उकडून ठेवलेली कोंबडी ती लांब चमच्याने, तोंड फिरवून, ठकीच्या ताटलीत टाकायची आणि मग पांडुरंगाची क्षमा मागून हात धुवायची.

पण पोटाच्या पट्टीने आणि खिरीने व्हायचं ते होऊन गेलं होतं. ठकीचं पोट बिघडलं, आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी टाक्यांच्या एका टोकाला फुगवटा दिसला. बोराएवढा, लालसर. मी गादीवर बसून त्याच्याकडे बघत राहिले. न्यावं तर अट मोडते आणि ठकी रस्त्याकाठच्या शेडमध्ये जाते. न न्यावं आणि आतून पिकलं तर? डॉक्टरने "लगेच" म्हटलं होतं. मी मनातल्या मनात पुष्कळ घासाघीस केली. उद्यापर्यंत थांबू, शेकू, आक्काचं काहीतरी लावू. पण फुगवटा काही सौदा करत नाही. ठकीने कान हलवून माझ्याकडे पाहिलं आणि मी टोपली काढली.

दादाला गाडी मागितली नाही. चालत निघाले. आक्का बरोबर आली, नऊवारीवर दादाचा रेनकोट चढवून. गॉलवेचा तो आडवा पाऊस. तिने सगळी छत्री टोपलीवर धरली आणि स्वतः भिजली. दवाखान्यात डॉक्टरने फुगवटा दाबून पाहिला, ताप पाहिला. कापड घासल्याने वरची कातडी सुजली होती, आत काही नव्हतं. कोरडं ठेवा, पट्टी गळ्यात राहू द्या, उतरेल. "कुणीतरी चांगली काळजी घेतंय," ती म्हणाली आणि नोंद बघून दादाची चौकशी केली. मी दात आवळले. आक्काला इंग्रजी कळत नव्हतं, पण माझा जबडा कळला. "काय म्हनली गं ती?" "काही नाही. चल."

संध्याकाळी पिठलं-भाकरीचं जेवण चाललं असताना मी बाबांना स्वतःच सांगितलं. चोरून जिंकायला मला कधीच आवडलं नाही. बाबांनी घास खाली ठेवला.

"म्हणजे मध्येच न्यावं लागलं."

"हो."

"आणि घरात धुराची घंटाही वाजली. नोरीन भेटली मला."

"आर बाळू, त्यो धूर माझा हुता," आक्का म्हणाली.

"आक्का, तू मध्ये पडू नकोस. अट हिने घेतली होती. एकटी करणार म्हणाली होती." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "वैशू, शब्द म्हणजे शब्द. टाके निघाले की ती नोरीनकडे."

"अहो, मुलगी आहे ती, कोर्टातला पक्षकार नाही," आई म्हणाली.

"तिनेच कोर्ट मांडलं होतं."

ताट फेकावं असं वाटलं, आणि फेकलं असतं तर ठकी त्याच दिवशी गेली असती. रागात माणसाने ओरडू नये, मोजून बोलावं, हे मी त्या टेबलाशी शिकले. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "बाबा, आपला सौदा माझ्या मांजराबद्दल होता ना?"

"हो."

"ठकी माझी नाहीच. तिच्या कानात जी अक्षरं आहेत ती दादाच्या नावाची आहेत. दवाखान्यात मालक दादा. फोन आला तर दादाला येणार. जे मांजर माझं नाही ते मी अटीत कसं हरेन? अट हरले असेन तर मी हरले. मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण दादाचं मांजर नोरीनला द्यायचा हक्क तुम्हालाही नाही, मलाही नाही."

मग बाबांच्या मिशा थरथरल्या. ते हसू आवरत होते. त्यांनी दादाकडे पाहिलं. "काय रे? तुझं मांजर आहे?"

दादा चुळबुळला. त्याला ठकी नको होती, पण मालकी सोडवतही नव्हती. "आहे तर माझंच," तो म्हणाला. "राहू दे." आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, "पण हिने एकदा नीट बोलून दाखवावं. कुणाचं मांजर?"

आक्काने माझ्या मांडीवर हात ठेवला. मी भाकरी गिळली.

"दादाचं," मी म्हणाले.

एवढा महाग शब्द मी आयुष्यात दुसरा उच्चारला नाही. पुढे मी बंदरावर अडकलेले कंटेनर सोडवले, मला बाई म्हणून उडवून लावणाऱ्या व्यापाऱ्यांना तासन्‌तास बसवून ठेवलं, पण तेवढी किंमत कुणी माझ्याकडून काढली नाही. दादा आता मोठा डॉक्टर आहे. डब्लिनच्या चेरीवूडला त्याच्या मित्रांच्या पार्ट्या होतात, आयटीतले पुण्या-नागपूरचे लोक जमतात, आणि तो ग्लास हातात घेऊन सांगतो, "माझी पहिली मांजर मी गॉलवेला पाळली होती." मी समोर बसलेली असते. त्याची मुलगी तिच्या आयरिश इंग्रजीत मला विचारते, आत्या, खरंच का? मी म्हणते, कानात तसंच लिहिलं होतं, बाळा.

फुगवटा उतरला. टाके निघाले त्या दिवशी डॉक्टरने ठकीच्या गळ्यातली पट्टी काढली आणि ती इतका वेळ आपली कूस चाटत राहिली की आक्का म्हणाली, हिला आता न्हाऊ घातल्यासारखं वाटत असंल. आक्का हिवाळ्याआधी गावी गेली. वसंतात बाबांचा करार संपला आणि दूर उत्तरेला नवी नोकरी लागली. खोके गाडीत चढले. दादाचं कॉलेज गॉलवेत, म्हणून त्याची सोय तिथेच होस्टेलवर झाली. तो फाटकाशी हात हलवत उभा राहिला, नोरीन त्याच्या शेजारी. बाबांनी गाडी सुरू केली आणि आरशातून मागे पाहिलं. मालक मागे राहिला होता, आणि टोपली माझ्या मांडीवर होती.